प्राध्यापक बाबासाहेब : विद्येचं स्वातंत्र्य आणि तिची जबाबदारी



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या चरित्रावर लेख द्यावा, असे कार्यकारिणीने आम्हाला सांगितले. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वस्तीत कोणाला ठाऊक नाही? चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, भारताची राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे सारे आपली पाचवीतली पोरगीसुद्धा जयंतीच्या भाषणात न अडखळता सांगते. म्हणून आम्ही ठरवले की ज्या बाबासाहेबांबद्दल आपण कमी बोलतो त्यांच्याबद्दल लिहावे. ते म्हणजे विद्यापीठातले बाबासाहेब. विद्यार्थी बाबासाहेब, प्रबंध लिहिणारे बाबासाहेब, प्राध्यापक, प्रिन्सिपॉल आणि शेवटी स्वतः कॉलेजं काढणारे बाबासाहेब.

आम्ही सूतगिरणीत पाळीवर काम करणारी माणसं. आम्हाला कॉलेजची पायरी चढायला मिळाली नाही, जे वाचलं ते वाचनालयात आणि पाळी सुटल्यावर रात्री. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण आहे. आज आपल्या वस्तीतली मुलं-मुली एम. ए., एम. एस्सी. करतात, काही जण पीएच. डी.ला नाव नोंदवतात. तिथे गेल्यावर काय विचारावं, काय लिहावं, गुरुजींना न पटणारं मत मांडावं की मार्कांसाठी गप्प बसावं, हा प्रश्न आता आपल्या घरात आला आहे. याचं उत्तर आम्हाला बाबासाहेबांच्या आयुष्यात सापडलं, ते इथे सांगतो.

शिकण्याची बंदी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गेला, तेव्हा त्याला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला तयारी नव्हती. नाइलाजाने त्याने फारशी भाषा घेतली. आपण ही गोष्ट अन्यायाची गोष्ट म्हणून ऐकतो आणि ती आहेच. पण जरा विचार करा. विद्येचे स्वातंत्र्य म्हटले की लोकांना प्राध्यापकाने भाषण करण्याचे स्वातंत्र्य आठवते. आपल्याला मात्र त्याच्याही आधीचे स्वातंत्र्य मिळवावे लागले. कोणता विषय शिकायचा हे ठरवण्याचे, पुस्तकाला हात लावण्याचे आणि वर्गात बसण्याचे. जे ग्रंथ वाचूच द्यायचे नाहीत त्यांच्याबद्दल मत तरी कसे देणार? पुढे हेच बाबासाहेब आपल्या जिद्दीने संस्कृत शिकले आणि त्याच ग्रंथांची चिकित्सा करून पुस्तके लिहिली.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले भगवान बुद्धांचे मराठी चरित्र भेट दिले. केळुसकर गुरुजी कोणी नातेवाईक नव्हते. बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाकडे त्यांचे लक्ष गेले एवढेच. एका पुस्तकाने काय होते असे आपण म्हणतो, पण त्या पुस्तकाची वाट पुढे दीक्षाभूमीपर्यंत गेली.

कोलंबियातली मोकळी हवा

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील सुभेदार रामजी वारले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय बावीस. सेलिग्मन, जॉन ड्यूई, गोल्डनवायझर असे नामवंत प्राध्यापक तिथे होते. माठाला हात लागला म्हणून ओरडणारे तिथे कोणी नव्हते, आणि शिक्षकाला उलट प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जात नव्हता. ड्यूईंचा ठसा त्यांच्या विचारावर आयुष्यभर राहिला.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात कशी जन्मली, आपल्यातच लग्न लावण्याच्या बंधनाने ती कशी टिकली, याची मांडणी त्यात होती. मोठमोठ्या युरोपियन पंडितांनी जातीवर लिहिले होते, त्यांची मते त्यांनी एकेक करून तपासली आणि जिथे पटले नाही तिथे तसे सांगितले. वय पंचवीस आणि समोर नावाजलेले विद्वान! पण नुसते पटत नाही म्हणून ते थांबले नाहीत, का पटत नाही याची कारणे दिली आणि आपले उत्तर पुढे ठेवले. चुकत असेल तर दाखवा, आपण मत बदलू, अशीही तयारी त्यांनी त्या निबंधात दाखवली. हा निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मासिकात छापून आला.

मग ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती ती महायुद्धात टॉर्पेडो लागून बुडाली. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला खोली मिळेना आणि शिपाई कागद लांबून टाकू लागले. कोलंबियाच्या विद्वानाला आपल्या देशात आल्यावर एक रात्र टेकायला जागा मिळाली नाही, हे आपण विसरू नये.

सिडनहॅममधला माठ

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य आपल्याला काय शिकवणार, असे सुरुवातीला मुलांना वाटले. पण बाबासाहेब तासाला तयारी करून यायचे आणि ती तयारी अशी असायची की थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजातली मुलंही त्यांचं व्याख्यान ऐकायला येऊन बसू लागली. मुलांची मने बदलली, पण काही सहकारी प्राध्यापकांची बदलली नाहीत. स्टाफरूममधल्या पाण्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत निघाली. वर्गात अर्थशास्त्र आणि बाहेर माठावरचा विटाळ, अशी त्या वेळच्या विद्यामंदिराची अवस्था होती.

याच काळात ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. बाबासाहेब तेव्हा सरकारी कॉलेजात नोकरीला होते. पत्रावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पगाराच्या नोकरीत असलेल्या शिक्षकाला आपले मत छापताना किती आडवळणे घ्यावी लागतात, हे आजच्या शिक्षकांनाही समजेल. मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. चालू नोकरी सोडून अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला जाणारा घरातला कर्ता माणूस आपल्यात किती जणांनी पाहिला आहे? आणि मागे रमाईंनी काय सोसले ते तर आपल्या प्रत्येक आईबहिणीला ठाऊक आहे.

रुपयाचा प्रबंध

आता आम्ही या लेखातल्या मुख्य गोष्टीकडे येतो. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळपासून बंद होईपर्यंत बसून, अर्धपोटी राहून बाबासाहेबांनी जून १९२१ मध्ये एम. एस्सी. मिळवली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी. एस्सी.साठी त्यांनी ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’, म्हणजे रुपयाचा प्रश्न, हा प्रबंध सादर केला.

विषय अवघड आहे, पण आपल्या भाषेत सांगायचं तर असं. इंग्रज सरकारने रुपयाची सांगड पौंडाशी घातली होती आणि ती टिकवण्यासाठी नाण्यांचा कारभार आपल्या मर्जीने चालवला होता. केन्ससारख्या गाजलेल्या अर्थशास्त्रज्ञाने या पद्धतीची भलामण केली होती. बाबासाहेबांनी शंभर-सव्वाशे वर्षांचे सरकारी कागद धुंडाळून दाखवले की, रुपयाचा परदेशी नाण्याशी असलेला भाव सांभाळण्यापेक्षा त्या रुपयात बाजारात किती माल येतो हे स्थिर राहणे जास्त महत्त्वाचे आहे. महागाई झाली की पहिला फटका बसतो तो ठराविक मजुरीवर जगणाऱ्याला. तेल, ज्वारी आणि मीठ-मिरची आणणाऱ्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही. पण लंडनच्या विद्यापीठात, आकड्यांनिशी, सरकारच्या धोरणावर बोट ठेवून हे सांगणारा आपला माणूस होता.

परीक्षकांना ते झोंबले. सरकारवरची टीका फार कडक आहे असा आक्षेप आला. बाबासाहेब तेव्हा जर्मनीत बॉन विद्यापीठात पुढचा अभ्यास करायला गेले होते. मार्च १९२३ मध्ये त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यांना बोलावून घेतले आणि प्रबंध पुन्हा लिहावा लागेल असे कळवले. खिशात पैसे नाहीत, घरी ओढाताण, आणि हातातोंडाशी आलेली पदवी लांबली! एखाद्याने म्हटले असते, जाऊ द्या, त्यांना हवे ते लिहू, पदवी घेऊ आणि मोकळे होऊ. दुसऱ्या एखाद्याने रागाने प्रबंध फाडून टाकला असता. बाबासाहेबांनी यातले काहीच केले नाही. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, मांडणी पुन्हा केली, पण निष्कर्ष बदलले नाहीत. प्रबंध परत पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण करून.

या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती प्रा. कॅनन यांनी. आणि त्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले की बऱ्याच मुद्द्यांवर आपले मत लेखकाशी जुळत नाही. तरीही विचारांत ताजेपणा आहे म्हणून त्यांनी ग्रंथाची पाठराखण केली. आम्हाला यात दोन माणसे दिसतात. एक विद्यार्थी, जो दबावाखाली आपला निष्कर्ष सोडत नाही, पण मांडणी अधिक पक्की करण्याचे कष्ट घेतो. आणि एक गुरू, ज्याला विद्यार्थ्याचे मत पटत नाही, तरी तो त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपली सही करतो. विद्यापीठातले स्वातंत्र्य म्हणतात ते हेच. आपल्या मुलांना असा गुरू भेटो आणि आपली मुलं अशी विद्यार्थी होवोत, एवढीच आमची इच्छा आहे.

विद्यापीठ कोणाचे?

मुंबईला परतल्यावर १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांची समिती नेमली गेली. तिच्या प्रश्नांना बाबासाहेबांनी लेखी उत्तरे दिली. मुंबई विद्यापीठ त्या वेळी मुख्यतः परीक्षा घेण्याचे काम करत होते, शिकवायची ती कॉलेजे. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे होते की विद्यापीठाने शिकवले पाहिजे आणि संशोधनही केले पाहिजे. शिक्षण आणि परीक्षा यांचा कारभार शिकवणाऱ्यांच्या हाती असावा. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणे हे विद्यापीठाचे काम नाही, त्याची स्वतःची बुद्धी जागी करणे हे काम आहे. शिकवणे निःपक्षपाती असावे, मोठ्या ग्रंथकारांची मतेही मुलाने तपासून घ्यावीत, आणि सत्यापर्यंत पोहोचणे किती अवघड आहे व किती मोलाचे आहे हे त्याला कळावे. आजच्या गाईडच्या आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांच्या जमान्यात हे शंभर वर्षांपूर्वीचे उत्तर पुन्हा वाचायला हवे.

पण शिकवणाऱ्यांच्या हाती कारभार द्या म्हणताना बाबासाहेब दुसरी गोष्ट विसरले नाहीत. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली, तेव्हा विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असले पाहिजेत ही मागणी त्यांनी लावून धरली. ज्या संस्थेचे दार काही जातींनाच उघडे असते, ती कितीही स्वतंत्र असली तरी ते स्वातंत्र्य थोड्या लोकांचेच राहते. त्याच वर्षी दारूच्या कराचे जेवढे उत्पन्न सरकार लोकांकडून घेते, निदान तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करावे, असेही त्यांनी कायदेमंडळाला सुनावले.

आपल्या सोलापूरचा यात वाटा आहे, तो पोरांना सांगायला हवा. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढले ते सोलापुरात. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे यांनी पाहिली आणि नगरपालिकेने महिना ४० रुपयांची मदत दिली. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकसुद्धा चालवले. जेवणाची भ्रांत असलेल्या मुलांना नुसती भाकरी देऊन भागत नाही, लिहायला कागद आणि बोलायला जागाही द्यावी लागते, हे त्या काळच्या आपल्या माणसांना समजत होते.

प्रिन्सिपॉलच्या खुर्चीत

१ जून १९३५ रोजी बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. मानाची जागा, चांगला पगार. तोंड सांभाळून बसले असते तर सुखाने दिवस गेले असते. पण १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, म्हणजे साडेचार महिन्यांतच, येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. साऱ्या देशात खळबळ उडाली. त्यांनी खुर्चीसाठी विवेक गहाण टाकला नाही आणि चळवळीसाठी कॉलेजच्या कामात कसूरही केली नाही. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी याच काळात कॉलेजच्या मासिकात लेख लिहिला. १९३८ पर्यंत ते त्या पदावर होते.

याच दिवसांत लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण आधी छापून पाठवल्यावर मंडळाला त्यातला काही भाग काढून हवा होता. बाबासाहेबांनी काही वगळायला नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. मग १९३६ च्या मे महिन्यात त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले, १५०० प्रती. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. महात्मा गांधींनी ‘हरिजन’ पत्रात त्यावर टीका केली. पुढची आवृत्ती १९३७ मध्ये निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि पुढे आपले उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे स्वतःच्या पैशाने छापणारा लेखक आजकाल दाखवा! वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात आणि ठरवावे, इतका त्यांचा आपल्या पुराव्यावर विश्वास होता.

अशीच गोष्ट १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाची. अस्पृश्य मूळचे कोण आणि अस्पृश्यता कशी आली याचा शोध त्यात आहे. नंदनार, रविदास आणि आपल्या मंगळवेढ्याचे चोखोबा या तीन संतांच्या स्मृतीला तो अर्पण केलेला आहे. प्रस्तावनेत बाबासाहेबांनी सरळ सांगितले की जिथे पुराव्याचे दुवे तुटले आहेत तिथे आपण तर्काने सांधले आहेत आणि हा शेवटचा शब्द आहे असा आपला दावा नाही. हे ज्यांनी लिहिले ते त्या वेळी देशाचे कायदामंत्री होते, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. त्यांना कोण विचारणार होते? तरी कुठला भाग पुरावा आणि कुठला तर्क हे त्यांनी वाचकापासून लपवले नाही. स्वातंत्र्याची जबाबदारी ती हीच.

मिलिंद राजा आणि भन्ते नागसेन

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. सर्व जातिधर्मांच्या मुलांना प्रवेश. पहिले प्रिन्सिपॉल नेमले ते संस्कृतचे मोठे पंडित अ. बा. गजेंद्रगडकर. ज्याला शाळेत संस्कृत नाकारले, त्याने आपल्या कॉलेजच्या प्रमुखपदी संस्कृतचा ब्राह्मण पंडित नेमला! जात पाहून नाकारणे त्यांनी सोसले होते, म्हणून नेमताना त्यांनी विद्वत्ता पाहिली. सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची पार्लमेंट होती, तिथे मुलं सरकार पक्ष आणि विरोधी पक्ष होऊन वाद करायची आणि बाबासाहेब स्वतः तिथे येऊन बोलायचे.

१९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाड्यातल्या मुलांसाठी कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढे कॉलेजला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. हे नाव का? मिलिंद हा ग्रीक राजा, मोठा वादपटू. त्याच्या प्रश्नांपुढे कोणी टिकत नसे. मग भन्ते नागसेन आले. ‘मिलिंद प्रश्न’ या पाली ग्रंथात सुरुवातीलाच एक सुंदर प्रसंग आहे. नागसेन राजाला विचारतात की वाद पंडितासारखा करणार की राजासारखा. राजा विचारतो, फरक काय. नागसेन समजावतात की पंडितांच्या वादात एकाचा मुद्दा खोडला जातो, दुसऱ्याचा टिकतो, चूक दाखवली जाते, मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत धरतात आणि कोणी विरोध केला की त्याला शिक्षा ठोठावतात. मिलिंद पंडितासारखा वाद करायला कबूल होतो, तेव्हाच पुढचा संवाद सुरू होतो. शेवटी तो आपली हार मोकळेपणाने मान्य करतो.

बघा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या बौद्ध परंपरेत विद्यापीठाचा मूळ नियम सांगून ठेवला आहे. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने वादात ती बाजूला ठेवायची आणि ज्याच्याकडे सत्ता नाही त्याने बिनधास्त पण पुराव्याने बोलायचे. बाबासाहेबांनी कॉलेजला हरणाऱ्या राजाचे नाव दिले, यातच सगळे आले.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने आणि १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने त्यांचा सन्माननीय पदवी देऊन गौरव केला. आयुष्याच्या शेवटी भगवान बुद्धांवरचा ग्रंथ लिहितानाही त्यांनी आधी थोड्या प्रती छापून जाणकारांकडे मतासाठी पाठवल्या. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, पण नामविस्तार होईपर्यंत १४ जानेवारी १९९४ उजाडले. मधल्या साडेपंधरा वर्षांत आपल्या किती घरांची राखरांगोळी झाली आणि किती जीव गेले हे आपण जाणतो. विद्यापीठाच्या फाटकावरच्या नावासाठी ज्या समाजाने रक्त दिले, त्या समाजाने फाटकाच्या आत काय चालते याकडे दुर्लक्ष करून कसे चालेल?

आज आपण काय करायचं?

सोलापूरची कॉलेजे पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी आपल्या जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. विद्यापीठ केगावला, गावाच्या वेशीवर आले. पण आज कितीतरी कॉलेजांत शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, तासाला पैसे आणि वर्षाला नवी नेमणूक. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बदली कामगार. बदलीवाला गेटवर उभा असतो, आत घेतील की नाही हे मुकादमाच्या तोंडाकडे बघून ठरते. तो मुकादमाला काय उलट बोलणार? मग उद्या नेमणूक मिळेल की नाही या चिंतेतला शिक्षक मुलांना मोकळेपणाने विचार करायला कसा शिकवेल? शिक्षकाची नोकरी पक्की असणे हा मुलांच्या बुद्धीच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न आहे. कामगार संघटनांनी आणि आपण पालकांनी हा प्रश्न आपला मानला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट, जी बोलायला कडू आहे. आपण सरकारकडे, विद्यापीठाकडे स्वातंत्र्य मागतो. आपल्या घरात आणि आपल्या विहारात ते देतो का? एखाद्या मुलीने बाबासाहेबांच्या एखाद्या मतावर प्रश्न विचारला, एखाद्या मुलाने बुद्धांच्या चरित्रातल्या एखाद्या गोष्टीला पुरावा मागितला, तर आपली मंडळी त्याच्या अंगावर धावून जातात, मोठ्यांचा अपमान केला म्हणतात. तेव्हा आपण राजासारखा वाद करत असतो. ज्या बाबासाहेबांनी आपल्या गुरूपेक्षा वेगळे मत लिहिले, गांधींची टीका आपल्या पुस्तकात छापली, आपला तर्क शेवटचा नाही असे लिहून ठेवले, त्यांना प्रश्नाची भीती कधीच नव्हती. मग त्यांच्या लेकरांना का असावी?

पण पोरांनाही आमचं एक सांगणं आहे. प्रश्न विचारण्याचा हक्क म्हणजे न वाचता तोंड सोडण्याचा परवाना नव्हे. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलणं म्हणजे अभ्यास नव्हे. बाबासाहेबांनी रुपयावर एक वाक्य लिहायच्या आधी किती कागद चाळले ते आठवा. कॉपी करून, दुसऱ्याकडून प्रोजेक्ट लिहून घेऊन मिळवलेली पदवी कपाटात ठेवायच्या कामाची. तिच्या जोरावर कोणाला जाब विचारता येत नाही.

म्हणून या वर्धापन दिनी आमची एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास वाचनाचा ठेवावा. बाबासाहेबांच्या एका ग्रंथाची दहा पानं वाचायची आणि मग कोणीही, लहान असो की मोठं, बाई असो की गडी, प्रश्न विचारायचा. उत्तर देणाऱ्याने पुस्तकातला आधार दाखवायचा, नसेल तर पुढच्या रविवारी शोधून आणायचा. आवाज चढवायचा नाही. विहाराला सतरंज्या आणि लाऊडस्पीकर आपण वर्गणीतून घेतले, तसं आता एक पुस्तकांचं कपाट घेऊ. पाळीचं वेळापत्रक सांभाळून पहिले काही महिने त्या तासाची जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत. पोरांनी आम्हाला अडचणीत टाकणारे प्रश्न खुशाल विचारावेत.

सर्वांना वर्धापन दिनाच्या मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!